पुरणात पडलेला घाम

माझ्या आईला देवाच्या चुलीवरून उठवलं ते घामाच्या एका थेंबासाठी. हे वाक्य मी एकदा पत्रकात घातलं होतं. आईने वाचून ‘काढ’ म्हटलं, मी काढलं. आता तीच म्हणते आहे की लिही. म्हणून लिहिते, आणि गुळगुळीत करून लिहिणार नाही.

पत्रकं लिहिणं हे माझं काम. बायकांच्या आरोग्याबद्दल, तमिळमध्ये, मोठ्या अक्षरांत. ती घेऊन मी कुंभकोणमच्या आसपास हिंडते. तिरुनीलक्कुडीच्या बांधावर बसून भातलावणीच्या बायकांशी पाळीबद्दल, पाळी जाण्याबद्दल मी तासन् तास बोलले आहे. घरी मात्र गप्प. आमच्या घरात तंजावरकडची जुनी मराठी चालते, तिच्यात ‘मला’ नाही, ‘मज’ आहे, आणि निम्मे शब्द तमिळ. उंबरा ओलांडला की सगळेच तमिळ बोलतात. बाईचं दुखणं मात्र आम्ही दोन्ही भाषांत लपवतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचा भजनमठ आहे. छोटा, चार-पाच घराण्यांचा. वर्षातून एकदा तिथे रुक्मिणीचं लग्न लागतं आणि त्या दिवशी नैवेद्याला पुरणपोळी होते. पुरण शिजतं मागच्या कौलारू स्वयंपाकघरात, लाकडाच्या चुलीवर, उरुळीत, म्हणजे काशाच्या रुंद, पसरट भांड्यात. त्या चुलीपाशी कोणी बसायचं याचा नियम आहे. जिची पाळी कायमची गेली तीच. कारण काय, तर उत्सवाची तिथी आणि बाईची तिथी एकत्र आली तर ऐन वेळी करणार काय? सोय म्हणून कोणीतरी ठरवलं असेल. सोयीचा धर्म व्हायला फार वेळ लागत नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या पडवीत बसायची. डाळ निवडायची, नारळ खवायची, वेलची कुटायची. आत आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. पुरण आत्याच्या हातचं. आईचा हात आत्यापेक्षा चांगला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आत्यालाही. पण आईच्या हातचं देवापर्यंत कधी पोचलं नव्हतं. ती फार काही मागणारी बाई नाही. साडी नको, दागिना नको, काशी नको. एकदा तरी उरुळीत कलथा आपण फिरवावा, एवढंच तिला हवं होतं. दर वर्षी पडवीतून ती आतल्या वासावरून सांगायची, आता गूळ पडला, आता आटत आला, आता उतरवायला हवं.

मग तिची पाळी गेली. वर्ष उलटलं, पुन्हा आली नाही. बायकांनी तिचं अभिनंदन केलं, ‘सुटलीस’ म्हणाल्या. आत्या म्हणाली, आता गुडघे धरतात माझे, यंदा तू बैस चुलीपाशी. आई त्या दिवशी घरभर नुसती हसत होती. वडिलांनी विचारलं, कोणाचं लग्न ठरलं? ती म्हणाली, रुक्मिणीचं.

तिला तेव्हाही झळा येत होत्या, हे मला नंतर कळलं. छातीपासून उठणारी उष्णता, मानेवरून गालांवर चढणारी, मग घाम, मग कापरं. ती त्याला ‘उष्ण’ म्हणायची, आमच्याकडे सगळ्याच दुखण्यांना म्हणतात तसं. ताक प्यायची, मेथी भिजवून खायची, डोक्याला तेल थापायची. कोणाला बोलली नाही. आणि तिला वाटलं की हे वाढतंय ते आपल्यातच काही चुकतंय म्हणून. म्हणून तिने एकादशीला पाणीही सोडलं. अंगाला पाणी हवं असताना हिने पाणी सोडलं. आमच्याच बायकांना सुचावं असं औषध.

उत्सवाच्या सकाळी ती सोवळ्यात बसली. सोवळं म्हणजे रेशमी नऊवारी, कारण थोरल्या बायकांना रेशीम लागतं. पुढे लाकडाची आग. पंखा नाही, वाऱ्याने जाळ फिरतो. नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा घोट नाही. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईला भट्टीत कसं घालावं याचा कोणी विचार करकरून आराखडा केला असता तरी इतका जमला नसता.

मी पडवीत होते, आईच्या जुन्या जागेवर. दारातून दिसत होतं. पुरण आटत आलं होतं, वास अगदी बरोबर येत होता. आणि आईचा चेहरा लाल झाला. मान, कान, सगळं. घाम हनुवटीवर जमला. दोन्ही हात कलथ्यावर, कारण पुरण त्या क्षणी सोडलं तर लागतं. तिने खांद्याला हनुवटी पुसायला मान वळवली, आणि थेंब पडला.

आत्याने पाहिलं. “सरक,” ती म्हणाली. “घाम पडला. देवास चालत नाही.”

उरुळी उतरवून पुरण गाईंना घातलं. दुसरी डाळ चढली आणि धरलेल्या गुडघ्यांची आत्या पुन्हा चुलीपाशी बसली. मी विहिरीच्या कट्ट्यावर आईला पाणी नेऊन दिलं. रेशीम ओलंचिंब होऊन अंगाला चिकटलं होतं आणि आता ती थंडीने कुडकुडत होती. मी तावातावाने बोलत होते, तिने काही ऐकलं नाही. मग म्हणाली, “देवानेच मज नको म्हटलं.”

आत्या दुष्ट नाही, हेही लिहायला हवं. संध्याकाळी ती घरी आली, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “अंगातली आग विझू दे, मग ये गो. चूल कुठे पळून जात नाही.”

आईने ते वचन धरलं.

मी पत्रकातल्या भाषेत तिला समजावलं. आई, हे पाप नाही, पित्त नाही. बीजकोशांचं काम थांबत आलं की शरीरातलं एक संप्रेरक उतरतं. मेंदूत तापमान सांभाळणारी एक जागा असते, ती त्यामुळे हळवी होते. जरा उबलं तरी तिला वाटतं आग लागली, मग ती रक्त कातडीकडे धाडते, घाम सोडते. ती ऐकत होती. मग म्हणाली, म्हणजे आग नाहीच, नुसता आरडाओरडा? मी म्हटलं, हो. म्हणाली, तुझ्यासारखी.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिला न्यायला मला महिने लागले. त्यांनी रक्तदाब पाहिला, थायरॉइड तपासायला सांगितलं. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग, पायात रक्ताच्या गाठी, असं काही होतं का विचारलं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबायचं नाही, सरळ यायचं, असं दोनदा बजावलं. संप्रेरकाच्या गोळ्या असतात, पण त्या प्रत्येकीला चालत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्याही असतात. आईसाठी काय योग्य ते त्यांनी तिला नीट विचारून ठरवलं. गोळी बघून आई म्हणाली, देवाच्या कामासाठी गोळी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देवाच्या कामासाठी चष्मा लावता ना?

बाकीचं घरी करायचं होतं. सुती कपडे. पाणी. तिखट कमी. झळ यायची चाहूल लागली की सावकाश खोल श्वास, मनगटांवर गार पाणी. आपली झळ कशाने उठते ते आपणच हेरायचं. आईची उठायची कडकडीत कॉफीने. या गावात बाईला कॉफी सोड म्हणणं म्हणजे नवरा सोड म्हणण्यासारखं, म्हणून तिने तोड काढली, कॉफी निववून प्यायची. वडील पितळी पेल्यातून वाटीत कॉफी वरखाली ओतून फेस काढत तिच्याकडे असे बघायचे, जणू तिने धर्म बदलला. थंड कॉफी पिणारी गावातली पहिली बाई, अशी ते पाहुण्यांना ओळख करून द्यायचे. आई म्हणायची, एक वर्ष चुलीपाशी बसू द्या मज, मग उकळती पिईन.

सगळं त्या चुलीसाठी चाललं होतं. मला वाटत होतं ती स्वतःच्या जिवासाठी करते आहे. नाही. रेशमाचाही प्रश्न तिनेच सोडवला. धुतलेली सुती नऊवारी उंच दांडीवर काठीने वाळत घातली, कोणाचा हात लागला नाही, तर तीही सोवळीच. खरं तर जुना नियम तोच. तिने मठातल्या पुजाऱ्यांना विचारून घेतलं, ते हो म्हणाले. मग तिने पांढऱ्यावर जांभळ्या काठाची सुती साडी आणली आणि त्या दांडीवर वाळवायला लागली. त्या दांडीखालून जाताना मी वाकून जायचे. मी, जी गावोगाव सांगते की शिवाशीव थोतांड आहे. आईचं ते एक स्वप्न वर टांगलेलं होतं, त्याला कसा हात लावणार?

पुढच्या उत्सवाला ती पडवीतच बसली. झळा कमी झाल्या होत्या, भरवसा नव्हता. त्यापुढच्या वर्षापर्यंत त्या जवळजवळ थांबल्या. कधीतरी एखादी यायची, नुसती ऊब, पाहुण्यासारखी. आईने घरच्या गॅससमोर पुरण करून पाहिलं, एकदा नाही, कितीदा तरी. आम्ही सगळे पुरण खाऊन कंटाळलो. तिच्या कपाळावर घाम नव्हता.

उत्सवाच्या पहाटे तिने न्हाऊन ती सुती साडी नेसली, मला लांबूनच चालायला सांगितलं आणि आम्ही मठात गेलो.

मागचं कौलारू स्वयंपाकघर बंद होतं. दाराला कुलूप. अंगणात पत्र्याखाली गॅसच्या मोठ्या शेगड्या मांडल्या होत्या आणि तिरुप्पनंदाळकडून आणलेले आचारी उघड्या अंगाने उभे होते. भक्त वाढले, बायकांच्याने इतकं होत नाही, असं मठाच्या मंडळींनी ठरवलं होतं. आईला सांगायचं कोणालाही सुचलं नव्हतं. मुख्य आचारी उरुळी ढवळत होता. त्याच्या छातीवरून, पोटावरून, कोपरावरून घाम वाहत होता. खांद्यावरच्या टॉवेलने तो मान पुसायचा आणि पुन्हा वाकायचा. थेंब पडत होते, मी पाहिले. आणि आत्या त्याच्यासाठी पेल्यात ताक घेऊन उभी होती. म्हणाली, बिचारे पहाटेपासून घाम गाळताहेत.

माझं तोंड उघडलं होतंच. पुरुषाचा घाम कष्टाचा आणि बाईचा विटाळाचा का, हे तिथे, मांडवात, सगळ्यांसमोर विचारायचं होतं मला. आईने माझा हात धरला. ती सोवळ्यात होती, आणि तिने माझा हात धरला.

मग तिने आत्याला विचारलं, अगदी हळू, “वन्सं, मज का नाही सांगितलं?”

आत्याने पेला खाली ठेवला. कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं. “मजही यायचा गो घाम,” ती म्हणाली. “कपाळाला फडकं बांधून बसायचे. कोणास दिसू दिलं नाही. तुज लपवता आलं नाही.”

इतकी वर्षं. त्या दोघी त्याच झळेत होत्या, एक चुलीपाशी, एक पडवीत, मध्ये एक दार. आणि जी लपवू शकली ती शुद्ध ठरली. मी किती पत्रकं लिहिली, हे एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. मला आत्यावर ओरडायचं होतं, पण तिचे डोळे बघून ते जमेना. रागाला जागाच उरली नाही कुठे.

आई लग्न लागेपर्यंत थांबली, अक्षता टाकल्या. जेवायला बसली नाही. घरी येऊन साडी धुतली, काठीने दांडीवर घातली, सवयीने. मग वडिलांनी कॉफी केली. तिने फुंकर न मारता, निववून न घेता तशीच कडकडीत प्यायली. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही झालं नाही.

“घाम येत नाही आता,” ती म्हणाली. “आता काय करू?”

वडील पेला घेऊन आत गेले. माझ्या पत्रकात प्रत्येक लक्षणाखाली उपाय असतो, ठळक अक्षरांत.

उन्हं कलली तेव्हा साडी वाळली होती. आई दांडीखाली उभी राहिली. काठी कोपऱ्यात होती, तिने ती घेतली नाही. टाचा उंचावून, हात लांब करून, बोटांनी काठ पकडून तिने साडी खाली ओढली. एक टोक माझ्यासमोर धरलं.

“धर,” म्हणाली. “घडी घालू.”

त्या साडीला मी पहिल्यांदाच हात लावत होते. फार मऊ होती. इतक्या वेळा धुतलेली, आणि चुलीपाशी एकदाही न बसलेली.