आप्पांची चाकं

आप्पा चौगले कोणत्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी दोन्ही हातांनी तिला वरून दाबत, मग डावीउजवीकडे हलवून बघत आणि शेवटी तिलाच विचारत, "व्हय?" खुर्ची गप्प राहिली तर तो होकार धरायचा. आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये मी गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी ते माझ्या खुर्चीशी असंच बोलत होते. मी उठून उभा राहिलो, तर म्हणाले, "बस लेका. ही न्हाय म्हणाली."

आप्पा भूगोल शिकवत. गाव नेसरी, वजन सव्वाशे किलो, आवाज त्या मानाने. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून "चाला" म्हटलं, तेव्हा आप्पांनी उत्तर दिलं, "चालाय गुडघं राजी न्हाईत. बसून चालायचं काय असलं तर सांगा." डॉक्टर सायकल म्हणाले. दुसऱ्या कुणी साधी घेतली असती. आप्पांनी जुनी का होईना, पण वाकड्या हँडलची रेसिंगची सायकल आणली. "व्यायामच करायचा तर मान खाली घालून कशाला? जरा जोरात करूया की," असं त्यांचं म्हणणं. त्या सायकलवर मान खालीच घालावी लागते, हे त्यांना नंतर कळलं.

रोज सकाळी मी नि आप्पा रंकाळ्याला फेरी मारायला लागलो. मी पुढे, आप्पा मागे. फेरी अर्धी झाली की मागून 'टण्ण' असा आवाज यायचा. मागच्या चाकाची एक तार तुटलेली असायची. चाक आऊट होऊन वाकडंतिकडं डुलत ब्रेकला घासायचं, नि आप्पा खाली उतरून फिरायला आलेल्या लोकांना मोठ्यांदा सांगायचे, "काय न्हाय पावणं, चाकानं राजीनामा दिला."

चेष्टेत चाललं होतं तोवर ठीक होतं. पण कोल्हापूर ते राधानगरी अशी सायकलची शर्यत निघाली, आप्पांनी नाव दिलं, आणि वाटेतलं हळदी गाव गाठायच्या आत दोन तारा गेल्या. शर्यतीच्या मागून एक टेम्पो येत होता. सायकलीसकट त्यात बसून, केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या सोबतीने आप्पा राधानगरीला पोचले. पुढं वर्षभर नववीच्या वर्गात कुणीतरी मागच्या बाकावरून हळूच टेम्पोचा हॉर्न वाजवायचं. आप्पा हसायचे, पण फळ्याकडे तोंड करून.

एके दिवशी ते मला म्हणाले, "चल. चाकं बघाय जायचं."

दुकानदाराने काळंभोर कार्बनचं चाक काढलं. तारा मोजक्या, वजन पिसासारखं. बाजारात म्हैस बघावी तसे आप्पा त्याच्याभोवती फिरले. बोटाने ठोकलं, कान लावला, मग म्हणाले, "देखणं हाय. माणूस केवढा सोसतंय?"

दुकानदाराने चाकावरची चिठ्ठी वाचली, आप्पांकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली. "सर, तुम्ही जरा... पुढं जाताय." मग त्याने डोंगरात चालवायच्या सायकलीचं जाडजूड चाक पुढे केलं.

आप्पांनी ते उचललं आणि खाली ठेवलं. "हे चाक न्हवं, जातं हाय. पळायचं का दळायचं?"

"सर, हलकं पाहिजे तर नाजूक येणार, मजबूत पाहिजे तर जड येणार."

"का? आमची म्हातारी हलकी हाय नि ऐंशीव्या वर्षी वैरणीचं भारं उचलतीया."

महिनाभर आमच्या डबा खायच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. आप्पांच्या घरीही तेच. काकींनी एकदा मला ताटावर बसवून न्याय मागितला. "चाकाचं पावशेर वजन कमी करायचं म्हणून हे झोपेनात. मी म्हंते, एक वाटी तांबडा रस्सा कमी प्या की! पावशेर तिथंच गेलं."

"खुळी हायस," आप्पा भाकरी मोडत म्हणाले. "चाक फिरतंय, पोट फिरत न्हाय. फिरतंय ते हलकं पायजे. पोट नुसतं बसून असतंय."

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते बरोबर होतं, म्हणून मी मान हलवली. काकींनी मला दुसरी भाकरी वाढली नाही.

शेवटी दुकानदाराच्या नि आमच्या डोक्यातून मिळून एक चाक निघालं. ॲल्युमिनियमची जरा उंच रिंग, टायर थोडं रुंद, आणि तारांत कंजुषी नाही. मागच्या चाकाला तर भरपूर. कार्बनपेक्षा जड, जात्यापेक्षा पुष्कळ हलकं. दुकानदार तारा आवळत असताना आप्पा एकेक तार बोटाने वाजवून बघत होते. "चाक म्हंजे भावकी लेका. चौघं ताणून धरत्यात नि बाकीचं ढिल्लं, की घर मोडलं. सगळ्यांनी सारखं ओढाय पायजे."

पुढच्या शर्यतीत आप्पा निघताना म्हणाले, "टेम्पोत बसायचं न्हाय. चालत जाईन, पण बसायचं न्हाय." मी त्यांच्याबरोबरच होतो. हळदी गेलं. भोगावती गेली. आप्पांची चाकं शांत. आम्ही सगळ्यांत शेवटी होतो, टेम्पो मागून घुरघुरत होता, ड्रायव्हर अधूनमधून "सर, बसा की" म्हणत होता. आणि राधानगरी जवळ आलं असताना एका खड्ड्यात आवाज झाला. आप्पांच्या नव्हे, माझ्या चाकाचा. मी पंचावन्न किलोचा माणूस. माझी पुढची रिंग पापडासारखी वाकली.

ड्रायव्हर आनंदाने खाली उतरला. मी टेम्पोकडे निघालो, तर आप्पांनी माझी कॉलर धरली. "सायकल जाऊ दे टेम्पोत. तू न्हाय. त्या टेम्पोत माणूस चढला की वर्षभर उतरत न्हाय. बस माझ्या म्होरं नळीवर."

"आप्पा, दोघांचं वजन..."

"बस म्हणतोय न्हवं!"

सव्वाशे अधिक पंचावन्न. बेरीज माझ्याच विषयातली होती, म्हणून जास्त भीती वाटली. नळीवर तिरका बसून मी डोळे मिटले. प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघं श्वास धरायचो. चढ आला की मी उतरून मागून ढकलायचो, उतार आला की पळत येऊन बसायचो. रस्त्याकडेच्या उसातली माणसं काम सोडून बघायला लागली. एक बाई ओरडली, "अवो, पोरगं मोठं झालंय, चालू द्या की त्याला!" एकही तार वाजली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा कमानीचे दोर सोडणं चाललं होतं. संयोजक डोक्याला हात लावून म्हणाले, "सर, डबलसीट चालत नाही!"

"चालत न्हाय कसं? राधानगरीपतोर चाललं की," आप्पा धापा टाकत म्हणाले. "पदक आमाला नगं. ज्यानं काम केलं त्याला द्या."

संयोजक हसायला लागले आणि त्यांनी उरलेलं एक पदक सायकलीच्या हँडलला अडकवलं. आप्पांनी खाली बसून मागचं चाक फिरवलं. ते सरळ फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत आप्पा तसेच बघत बसले. मग नाक पुसलं. नववीच्या वर्गातला हॉर्न त्यानंतर बंद झाला.

यंदा आप्पा निवृत्त झाले आणि त्यांनी नेसरीला जाऊन म्हशी राखायचं ठरवलं. सामान गाडीत भरलं, काकी पुढे बसल्या, आणि आप्पा सायकलवर. उचगावपर्यंत मी सोबत गेलो. पुलापाशी ते म्हणाले, "आता फिर माघारी. तुझ्या चाकांचा मला भरवसा न्हाय."

"पोचल्यावर फोन करा, आप्पा."

"करतोय की. तू जेवत जा."

ते निघाले. मी सायकल धरून उभा राहिलो. सरळ रस्ता होता, आणि पाठ केवढी मोठी. दिसेनाशी व्हायला फार वेळ लागला.