पाडव्याला सुटलेली म्हैस

फटाक्यांचा मला स्वतःला कधी त्रास झाला नाही, हे आधीच सांगतो. माधवनगरला बावीस वर्षं मागावर उभा राहिलो, त्या खडखडाटात कान अर्धे गेले. सुतळी बॉम्ब फुटला तरी मला कुणीतरी दार ढकलल्यासारखं वाटायचं, एवढंच. त्रास व्हायचा बायकोला, आणि तिच्यापेक्षा जास्त आमच्या म्हशीला.

गोष्ट नव्वदच्या पुढची, नक्की साल आठवत नाही. ती म्हैस बायकोनं रेडकू होती तेव्हापासून वाढवलेली. त्या दिवाळीला गाभण, दिवस भरत आलेले. समोर एक ठेकेदार राहायचा. त्याला डब्याखाली बॉम्ब लावायचा नाद. डबा उडून पत्र्यावर आदळला की हा खूश. दर बॉम्बला म्हैस दावं ताणायची आणि बायको तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहायची.

"आवं, त्यास्नी सांगा की जरा. पोटात जीव हाय तिच्या."

"अगं, वर्साचा सण हाय. उगं कशाला वंगाळ व्हायचं?"

"तुमाला ऐकू येत न्हाई म्हंजे आवाजच न्हाई व्हय?"

मी हसलो. ते हसणं आठवलं की आता स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवून मोटरसायकलीमागं पळवतात. सायलेन्सर काढलेली गाडी पुढं, म्हैस मागं. मालकाच्या गाडीच्या आवाजाची सवय तिला लहानपणीच लावतात. आमची त्या वर्षी पळणार नव्हती, पण मला मिरवायची हौस दांडगी. शिंगं रंगवली, कवड्यांची माळ घातली, आणि बायको नको म्हणत असताना म्हैस गोठ्यातून काढून रस्त्याकडंच्या लिंबाला बांधली. तेवढ्यात ठेकेदारानं बॉम्ब लावला. दावं तुटलं. म्हैस कुपवाडच्या रस्त्यानं उधळली.

बायको रडली नाही. म्हणाली, "कुठं पडली तर दोन जीव जातील. काढा गाडी."

ती मागं बसली आणि सायलेन्सर काढलेल्या आमच्या गाडीवर आम्ही निघालो. सणामुळं कुपवाडचे कारखाने बंद, रस्ते मोकळे. मला हंबरणं ऐकू येणार नव्हतं, म्हणून कान तिचे आणि रेस माझी. ती डाव्या खांद्यावर थाप मारायची, मी डावीकडं वळायचो. एका चौकात शर्यतीच्या म्हशी जमल्या होत्या. तो चौक ओलांडला आणि खांद्यावरचा हात थरथरायला लागला. मला वाटलं, रडायला लागली. वळून बघतो तर बाई हसून हसून बेजार. आमच्या गाडीच्या आवाजानं शर्यत सुटली समजून मागं रंगवलेल्या शिंगांच्या तीन म्हशी पळत येत होत्या, लोकांच्या! त्यांच्या मागं त्यांचे मालक.

"ए गड्या, आमच्या म्हशी कुठं घिऊन चाललास रं?"

"तुमीच आवरा की! आमचीच घावंना झालीया!" बायको ओरडली.

एवढ्यात एका बंद शेडच्या आडून आमची म्हैस बाहेर आली. गाडीचा आवाज ओळखून सावकाश चालत, अर्धी माळ तुटलेली. बायको उतरली आणि तिच्या पोटाला कान लावून बसली. "हाय हाय, हलतंय," म्हणाली. मग मात्र रडली.

म्हैस घेऊन घरी आलो तर ठेकेदार हातात उदबत्ती घेऊन दुसऱ्या बॉम्बाजवळ वाकलेला. बायकोनं उदबत्ती काढून घेतली आणि सरळ तुळशीत खोवली.

"भावजी, हिचं बाळंतपण हुईस्तवर एक बी न्हाई."

"वैनी, आन् तुमची गाडी काय कमी वाजतीया?"

"ती तिच्या वळखीची हाय. तुमचा बॉम्ब न्हाई."

ठेकेदारानं डबा उचलला आणि घरात गेला. चौथ्या दिवशी म्हैस व्याली, रेडी झाली. पहिल्या खरवसाची वाटी बायकोनं ठेकेदाराकडं पोचवली. त्यानं आणखी एक मागून घेतली, आणि उरलेले बॉम्ब आणून दिले. बायकोनं ते त्याच्यादेखत बादलीत बुडवले.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. माझे कान आता पुरते गेले. तरी दिवाळी आली की मी गल्लीत दारोदार सांगत फिरतो, गोठ्यात जनावर हाय, लांब जाऊन उडवा.

"आवं आजोबा, तुमाला कुठं ऐकू येतंय?" लोक हसतात.

"मला न्हाई, म्हशीला येतंय की," मी म्हणतो.

त्या रेडीचीच लेक आहे गोठ्यात. शिंगं रंगवतो, कवड्या घालतो. पण बांधतो आतच.