ओढ्यातले किडे आणि अण्णांचं पुस्तक

उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ चालवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी ओढ्यातल्या किड्यांचे फोटो काढतो, याचं आमच्या घरात सगळ्यांना हसू यायचं. हा नाद मला अण्णांनी लावला. अण्णा खासबागचे, साड्या विणणारे. हिमाचलात ट्राउट मासा धरणाऱ्या हौशी लोकांसाठी ते गळाला रेशीम आणि पिसं गुंडाळून खोटे किडे बांधायचे. ट्राउट आपल्याकडे नाही, पण तो जे किडे खातो त्यांचे भाऊबंद लोंढ्याकडच्या ओढ्यांत भरपूर. खरा किडा मी शोधून ओळखायचा, आणि माझा फोटो समोर ठेवून खोटा त्यांनी बांधायचा, अशी आमची वाटणी होती.

सहा वर्षं माझ्या मोटरसायकलवरून आम्ही जात होतो. वाहत्या पाण्यातला दगड उचलायचा, त्याला चिकटलेला किडा ब्रशनं पांढऱ्या ताटलीत घ्यायचा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची आणि फोटो काढायचे. मग किडा आणि दगड जिथल्या तिथं. लेथवरची सवय, मला घाई जमत नाही. "किती छळतोस रं, किडा म्हातारा झाला," असं अण्णा म्हणायचे आणि डबा उघडून बसायचे.

एक दिवस ते म्हणाले, "पुस्तक काढू या. दोघांचं नाव घालू." लेखी काही करावं असं माझ्या मनातही आलं नाही. अण्णांकडून कसलं लिहून घ्यायचं? त्याच आठवड्यात सगळे फोटो त्यांच्या हवाली केले.

प्रकाशनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खुर्चीवर बसून पुस्तक उघडलं. पानोपानी माझे फोटो, आणि नाव एकट्या अण्णांचं. आभारातही मी नव्हतो. छापखान्याची चूक असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, तेवढ्यात अण्णा व्यासपीठावरून माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याची गाडी लई उपयोगी पडली बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मग कॉलेजच्या एका शिक्षिकेनं एक फोटो दाखवून विचारलं, "याला दोनच शेपट्या आहेत. हा कोणता?" मेफ्लाय नावाच्या किड्याला बहुतेक तीन शेपट्या असतात, स्टोनफ्लाय नावाच्या दुसऱ्या किड्याला दोन, त्यामुळं इथं हमखास फसगत होते. हा मेफ्लायच होता. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले होते, ही मेफ्लायची खूण, आणि ते दिसावेत म्हणून मी तासभर पाण्यात ओणवा होतो.

अण्णांची नजर मला शोधत आली. नेहमीसारखीच, हक्कानं.

"तुमचं पुस्तक हाय, अण्णा," मी म्हणालो. "तुमीच सांगा."

"स्टोनफ्लाय," अण्णा म्हणाले. शिक्षिकेनं मान डोलावली, तिच्या विद्यार्थ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की हे चूक आहे. मी बसून राहिलो, आणि क्षणभर मला बरंही वाटलं.

अण्णांशी मी त्यानंतर बोललेलो नाही. त्यांनी मला फसवलं, ते आजही सलतं. पण त्या वह्या आठवल्या की माझीच मला लाज वाटते. त्या किड्यानं माझं काय वाकडं केलं होतं?