फ्रेंचवाल्याची शेवटची दहा पानं

रविवारी सकाळी आमच्या पेठेतल्या वाचनालयात जे झालं, त्याने माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही. लिहून तरी मोकळी होते...

तिथे महिन्यातून एकदा निवृत्त मंडळी जमतात, एक लेखक घेतात आणि त्याची पार पिसं काढतात. चहा, भडंग आणि आरडाओरडा. या वेळी लेखक होता लुसियाँ मार्वाल. बेल्जियमचा, लिहितो फ्रेंचमध्ये, थ्रिलरमधला बाप माणूस. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं ‘फ्रेंचवाला’ म्हणतात.

बोलणार होते माझे वडील, आप्पा. सगळी नोकरी राधानगरी धरणावर झाली, आता वय ऐंशीच्या घरात. काचबिंदूने नजर गेली, पण फ्रेंचवाल्याची मराठीत आलेली सहाच्या सहा पुस्तकं त्यांनी ऐकली आहेत. सुनंदावहिनी रोज दुपारी जेवणं झाली की तासभर वाचून दाखवते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादा चार वर्षांपूर्वी गडहिंग्लजहून येताना अपघातात गेला. तेव्हापासून घरात ही दोघंच... मी जयसिंगपूरला शाळेत शिकवते, रविवारी येऊन जाते.

आप्पांची सुरुवात झकास झाली. फ्रेंचवाला आधी रेल्वेत तिकीट तपासायचा, पहिली कादंबरी प्रकाशकांनी परत पाठवली, दुसरी छापली गेली आणि पठ्ठ्याने मागे वळून पाहिलं नाही. हरवलेली माणसं शोधणारी त्याची ती पोलीस बाई कशी हट्टी आहे, हेही रंगवून सांगितलं. लोक माना डोलवत होते. मला तर अभिमानाने काय करू नि काय नको झालं होतं.

मग आप्पा म्हणाले, “आन् ह्या माणसाचं मला काय आवडतंय सांगू? गोष्टीत किती बी रगात सांडू दे, शेवटाला हरवलेलं माणूस घरी येतंयच. सहा पुस्तकांत एक बी पोरगं मारलं न्हाय त्यानं!”

माझ्या हातातलं भडंग हातातच राहिलं.

कारण फ्रेंचवाला जगभर प्रसिद्ध आहे तो नेमका उलट्या गोष्टीसाठी. ज्या माणसावर आपला जीव जडलेला असतो, त्याला तो शेवटच्या दहा पानांत मारतो. प्रत्येक पुस्तकात! मी एकच वाचलंय, तिसरं... आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाही.

एक निवृत्त हेडमास्तर हसायलाच लागले. “आप्पा, दुसऱ्याच कुणाचं वाचून आलासा काय?”

आप्पा तापले. “तिसऱ्यात पोरगं येतंय की घरी! आई त्याला पाणी तापवून देती, गरम भाकरी वाढती...”

ब्रुसेल्समध्ये गरम भाकरी? ही तर आमच्या वहिनीची भाकरी! मी उठून काही बोलेपर्यंत हेडमास्तरांनी टेबलावरचं तिसरं पुस्तक उघडून शेवटचं पान मोठ्याने वाचलंसुद्धा. पोरगा कालव्यात सापडतो. आई ओळख पटवायला जाते.

आप्पा खाली बसले. आम्ही रिक्षा करून घरी निघालो. धरणावर कुणी पाण्याची खोटी नोंद केली तर वरच्या साहेबाशीही भांडणारा माणूस हा... आणि आज चारचौघांत खोटा पडला होता. आता वहिनीचं काय होणार, याचीच मला धास्ती होती.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी विचारलं, “सुनंदा, सहा बी पुस्तकांचे शेवट तूच केलीस?”

वहिनी भिंतीला टेकली. “व्हय.” “पहिल्या पुस्तकात त्यो पोरगा रस्त्यावर मरतोय. त्ये पान आलं आन् माझ्या तोंडातनं शब्दच निघंना. तुम्ही ‘पुढं काय झालं, आला काय घरी?’ म्हणून इचारलासा... मी आला म्हणून सांगितलं. मग परत्येक बारीला त्येच सांगत गेलो.”

वाटलं, आता आप्पा भडकणार. पण त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि तिसरं पुस्तक आणायला सांगितलं. “शेवटची दहा पानं वाच. छापल्यात तशी.”

वाचली. वहिनी दारात उभी होती, आत गेली नाही. कालवा आला, ती आई आली, आणि आप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं... दादाच्या दिवसकार्यालासुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. वहिनी तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. चार वर्षांत पहिल्यांदा, दोघं एकमेकांसमोर.

खूप वेळाने आप्पांनी हाताने चाचपडत तिचं डोकं शोधलं. “पोरी, तू माझ्यासाठी सहा डाव त्याला घरी आणलीस. पर आता हाय तसंच वाचायचं. रडू आलं तर थांबायचं. मी बी थांबतो.”

मी दर रविवारी जाते, फळं ठेवते आणि विचारते, “सगळं बरं आहे ना?” दोघंही म्हणतात, “बरं हाय.” चार वर्षं मी ते खरं मानून संध्याकाळची एसटी धरत आले.

वहिनी, तुझे उपकार कसे फेडू माहीत नाही. निदान इथून पुढे ‘बरं हाय’ ऐकून लगेच उठणार नाही... एवढंच.