ओव्हनच्या पोटातली आरती

आमच्या सरांना निवृत्तीच्या वर्षी शोध लागला, आणि तो शोध नाहीच हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. दुसरं कोण सांगणार? ओव्हन मीच चालवायची.

उज्जैनच्या आमच्या प्रयोगशाळेत मी प्लास्टिकच्या पातळ फिल्म तापवून हळूहळू गार करायची आणि मग त्यांच्यातून किती वीज झिरपते ते मोजायची. घरी विचारायचे, "दिवसभर करतेस तरी काय?" मी सांगायची, "प्लास्टिक शेकते." पुढे कुणी काही विचारत नसे. नियम साधा आहे. शेकल्यावर आतले रेणू नीट दाटीवाटीनं बसतात, वीज कमी झिरपते. माझ्याकडे दसऱ्यापर्यंत तसंच झालं. दसऱ्यानंतर वीज वाढायला लागली.

मला घाम फुटला. सर हरखले. "बेटा, हे कुणाच्याच पेपरात नाहीये!" म्हणाले आणि सगळ्या डिपार्टमेंटला टावर चौकात नेऊन कचोरी खिलवली. जन्मभर दुसऱ्यांचे निष्कर्ष शिकवले, एक तरी आपला छापून यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पेपर लिहूनही झाला.

एका सकाळी ओव्हन उघडला तर देवघराचा वास. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमीला सर यंत्रांची पूजा करतात. तराजूला हळदकुंकू, मीटरला झेंडू, आणि ओव्हनच्या तर पोटात कापराची आरती, मग धूर कोंडून दार बंद. बाहेरून ओवाळलं तर देवाला पोचत नाही की काय, कोण जाणे. कापूर आतल्या भिंतींवर बसला होता. ओव्हन तापला की त्याची वाफ फिल्ममध्ये शिरायची, रेणू सैल पडायचे आणि वीज खुशाल वाट काढायची.

मी ओव्हन स्पिरिटनं पुसला, रिकामाच तापवला. नवी फिल्म शेकली, वीज कमी झाली. मुद्दाम कापराची वडी ठेवून पाहिली, वीज वाढली. शंकेला जागाच उरली नाही, मेली.

दोन्ही आलेख घेऊन सरांकडे गेले. वाटलं, ओरडतील, निदान देवाधर्मावरून तरी सुनावतील. त्यांनी चष्मा काढून आलेख जवळून पाहिले.

"तरुणपणी मी पण याच ओव्हनवर काम करायचो," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर आकडे असेच बिघडायचे. गाइड म्हणायचे, तुझ्या हाताला गुण नाही. मी पण मानलं. प्रयोग सोडून दिला, खडू धरला. यंदा तुझ्याकडे तेच आकडे दिसले, तर वाटलं, चला, मी चुकलो नव्हतो."

"आणि आरती तेव्हाही...?"

"दर वर्षी. मीच करायचो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे हात बरा होता ना गं माझा?"

"बरा होता, सर," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.