परब एवढा खूश का?

बेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक येतं घाईत, पण माल माळ्यावरून खाली उतरेपर्यंत त्याला गप्पा मारण्यावाचून दुसरं काम नसतं. त्यामुळे साकीनाक्याच्या आमच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. हल्लीचे सगळे किस्से एकाच माणसाचे, माझा पार्टनर परब याचे. तो खूश झाला, तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

आधीचा परब सांगायला हवा. मालवणी माणूस, राहायला घाटकोपरला, पोट काउंटरला टेकलेलं. गिऱ्हाइकाने 'अमुक बेअरिंग आहे का?' विचारलं की म्हणायचा, "नाय तर दुकान कित्याक उघडलंय?" मग शुगर चढली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चाला, नाहीतर इंजेक्शनं सुरू. महिनाभर डॉक्टरांना शिव्या घालत बागेत चालला. मग शिव्या थांबल्या, पोट उतरलं आणि तोंडावर हसू आलं ते जाईना.

मी धंद्यातला माणूस. कमी खा, लवकर उठा, घाम गाळा, इथवर मला पटतं. पण त्यावर आनंद फुकट? फुकटच्या मालात काहीतरी गोम असतेच.

*

पहिला संशय गिऱ्हाइकाला आला. कुर्ल्याचे एक पटेलभाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. परबच्या शिव्यांची त्यांना सवय. त्या दिवशी परब उठून म्हणाला, "या, बसा. चहा सांगू?"

पटेलभाई पायरी उतरून पुन्हा रस्त्यावर गेले आणि त्यांनी दुकानाचा बोर्ड वाचला. मग आत येऊन माझ्या कानात म्हणाले, "शेठ, खरं सांगा. माल जुना आहे ना?"

*

डॉक्टरांचं तर विचारू नका. परबचा रिपोर्ट बघून ते हरखायला हवे होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि त्याला दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं. तिथेही रिपोर्ट चांगलाच आला.

"कुठलं औषध घेताय?" डॉक्टर.

"तुम्हीच म्हणालात ना, चाला म्हणून?"

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो हो," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या कुठल्या घेताय ते सांगा."

*

परबची आई गावी असते, कुडाळजवळ. दर रविवारी फोनवर माय-लेकाचं भांडण व्हायचं, आंब्याच्या कलमांवरून. एका रविवारी परब म्हणाला, "आये, तुझा बरोबर हा. धाकट्याक दी तू कलमां."

मग म्हातारी म्हणाली, "फोन सुनेकडे दी."

सुनेने फोन घेतला. "गो, झील माझ्याशी गोड बोललो. तेका डॉक्टराक दाखव."

*

आता माझं सांगतो. पार्टनर चिडतो तोवर धंदा सुरक्षित. गोड बोलायला लागला की समजावं, वेगळं व्हायची तयारी चालली आहे. या लाइनीत मी दोन दुकानं अशीच तुटताना पाहिली आहेत. आणि आमच्या दुकानातले सगळे बेअरिंग नंबर परबच्या डोक्यात. तो गेला तर माझी वाटच लागली.

एका दुपारी मी सरळ विचारलं, "परब, तू वेगळा होतोयस का?"

"नाय रे. कोण म्हणालं?"

"मग एवढा खूश का?"

"चालल्यावर बरं वाटतं यार."

बरं वाटतं. इतकी वर्षं एकत्र काढली आणि मला हे कारण देतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

दुसऱ्याच आठवड्यात परबची बायको, मालतीवहिनी, दुकानात आली. परब वसुलीला गेलाय हे फोनवर विचारून मगच आली होती.

"भावजी, ह्यांचं बाहेर काही आहे का?"

"वहिनी, मला वाटतंय तो धंदा सोडतोय. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं घर सोडतायत," ती म्हणाली. "दुधीची भाजी न कुरकुरता खातात. दाढी करताना गुणगुणतात. अहो, लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते हे."

दोघांचाही माणूस हातचा सुटत होता, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं. तो बागेकडे निघाला की पाठोपाठ तिने निघायचं, तोंडाला ओढणी बांधून, अंतर ठेवून. मला फोनवर कळवायचं. आणि मी परबला एक अक्षर बोलायचं नाही, अशी मुलांची शपथ घातली तिने.

पहिल्या दिवशीचा फोन: "भावजी, अर्ध्या फेरीतच दम लागला. हे कुठल्या कुठे गेले."

पुढच्या आठवड्यात: "एकटेच चालतात. कानात वायरी. कोणाकडे बघत नाहीत."

"मग सोडा ना आता."

"सोडू कशी? आत्ता कुठे मला त्यांच्या पाठी राहायला जमतंय."

मग फोनवर परबचं नाव कमी व्हायला लागलं. आज गुडघा दुखला नाही. आज चार मजले लिफ्टशिवाय चढले. आज बागेत बहावा काय फुललाय. आणि मग फोन यायचे बंदच झाले. मी आणखी काळजीत. ही पण गप्प झाली म्हणजे दोघं मिळून काही ठरवतायत की काय?

*

काल दुपारी परबने शटर अर्धं खाली ओढलं. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. चेहरा पूर्वीचा, आंबट. खरं सांगतो, बघून मला बरं वाटलं.

"एक सांगतो, कोणाकडे बोलू नको," तो म्हणाला. "मालती हल्ली खूश असते."

मी बिलबुक चाळायला घेतलं.

"गाणी म्हणते रे घरात. माझ्यावर ओरडत नाही. काल आरशासमोर उभी राहून हसत होती, एकटीच. आणि शेजारचा सावंत म्हणतो, मी सकाळी बाहेर पडलो की पाचच मिनिटांत ती पण बाहेर पडते. तोंडाला ओढणी बांधून."

"दूध आणायला जात असेल."

"दूध घरपोच येतं, मेल्या." त्याने आवाज खाली आणला. "मी ठरवलंय. उद्या चालायला निघतो असं दाखवायचं, कोपऱ्यावर थांबायचं आणि गपचूप तिच्या पाठी जायचं. तुझं काय म्हणणं?"

मला शपथ होती. मी रस्त्यावरच्या रिक्षा बघितल्या, पंखा बघितला.

"जा," मी म्हटलं. "पण बूट घट्ट बांध. फास्ट चालते ती."