हळदीचा अंगठा

जुनी मोटारसायकलची मासिकं जमवायचं मला वेड आहे. परवा रद्दीच्या दुकानात एक अंक उचलला, तर दुकानदार म्हणाला, "डागाळलाय हो तो, दुसरा बघा." मी तोच घेतला. कार्बोरेटर साफ करायच्या पानावर ग्रीसचा काळा अंगठा उमटला होता आणि त्याला खेटून हळदीचा पिवळा. म्हणजे तो गाडी खोलून बसलेला आणि ती, फोडणी करपतेय म्हणत म्हणत, त्याला पान वाचून दाखवणारी! कुणाचा तरी अख्खा संसार मला रद्दीत सापडला होता.

रविवारी मीही गाडी खोलली आणि बायकोला हाक मारली, "अगं, पुढचं वाच ना जरा."

ती कणकेच्या हातांनीच आली. "पान खराब होईल हां."

म्हटलं, "होऊ दे की!"